लायब्ररी कुणाची?

आदरणीय अध्यक्ष महोदय, ज्यांच्या हस्ते मला आत्ता पुष्पगुच्छ मिळाला ते डिलिव्हरी विभागाचे प्रमुख, आणि खुर्च्या कमी पडल्यामुळे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

या निरोप समारंभात माझ्याबद्दल इतकं गोड बोलून झालं, की मला वाटलं मी वारलेच की काय!

मी कामाला लागले तेव्हा इथे प्रत्येक टीम तारखांचा कोड आपापला लिहायची. ऑर्डरवाले म्हणायचे सामान सोमवारी, डिलिव्हरीवाले म्हणायचे मंगळवारी, आणि गिऱ्हाईक बसलंय दाराकडे डोळे लावून. नवा माणूस आला की कॉम्प्युटरवर टूल्स चढवण्यातच त्याचा आठवडा जायचा. ते काम मी एका कमांडवर आणलं, आणि तारखांची एकच लायब्ररी केली, म्हणजे तयार कोडचा एकच साठा, सगळ्या सर्व्हिसेसनी, प्रत्येक टीमच्या प्रोग्रॅमनी, वापरावा म्हणून. सासूबाईंनी विचारलं, "म्हणजे नेमकं काय गं?" म्हटलं, "इमारतीची पाण्याची टाकी समजा." त्या म्हणाल्या, "मग धुवायला तू एकटीच असशील." अनुभवी बाई!

नियम एकच होता. लायब्ररीचं कुठलं व्हर्जन वापरता, त्याचा आकडा आपल्या सर्व्हिसमध्ये लिहून ठेवा. नवं आलं तर आधी तपासा, मग घ्या. डिलिव्हरीच्या साहेबांनी आकडा काढून तिथे लिहून टाकलं, 'जे सर्वांत नवं असेल ते घ्या'. का? तर आकडा बदलत बसायचा कंटाळा! मी कितीदा सांगितलं. "ताई, तुमच्यावर विश्वास आहे हो," म्हणाले. अशा विश्वासाचं काय करावं माणसानं?

मग मी नवं व्हर्जन काढलं. ठळक लिहिलं होतं, दिवस मोजायची पद्धत बदलली आहे, तपासल्याशिवाय घेऊ नका. बाकी कुणी घेतलं नाही. डिलिव्हरीच्या सर्व्हिसनं ते आपणहून ओढून घेतलं, आणि सगळ्या गाड्या एक दिवस उशिरा निघाल्या. बैठकीत अध्यक्ष महोदयांनी एवढंच विचारलं, "लायब्ररी कुणाची?" नीट चालत होती तोवर ती सगळ्यांची होती हो, त्या दिवशी एकदम माझी झाली. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! मला राजीनामा 'सुचवण्यात' आला. राग आलाय मला, खूप आलाय, आणि तो फुलांनी जाणार नाही.

असो. आनंदाची बातमी अशी, की उद्यापासून लायब्ररी डिलिव्हरीचे साहेबच सांभाळणार आहेत. आज सकाळी काम समजावून देताना मी विचारलं, "आता तरी आकडा घातलात ना?" ते हसून म्हणाले, "अहो ताई, आता तुम्हीच निघालात. मग बिघडवणार कोण?"

हसा, हसा. साहेब, तुम्हीही हसा.

चहा, फुलं, माईक यांची धावपळ करणाऱ्या सगळ्यांची मी मनापासून आभारी आहे. बोलण्याच्या भरात कुणाला लागलं असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. लायब्ररीबद्दल मात्र मी माफी मागणार नाही. ती चुकली नव्हती, आणि मीही नाही.