डावीकडचा केंड

"हॅलो?… कोण?… ट्रंक कॉल? कुडाळहून? हो, हो, द्या ना… हॅलो… सुगंधा? अगं, जरा मोठ्याने बोल, इकडे पोरं झांजा बडवतायत."

उत्तराने दुसऱ्या कानात बोट घातलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

"पोचलात ना नीट?… गणपती आणला?… आमचाही आला. मखर विद्याधरने केलंय, थर्मोकोलचं. एका बाजूला कललंय, पण बोलायची सोय नाही… मासे? मजेत आहेत तुझे मासे. परवा गोगलगाय टाकली तर शंख कडाकडा फोडून खाल्ली. अगं, सणासुदीला पोस्टात रांग लावून माशांची चौकशी कसली करतेस?… भावोजींनी लावायला सांगितला? तेही आलेत?… मग सांग त्यांना, सगळं ठीक आहे."

सुगंधा म्हणजे उत्तरा आणि तिचा नवरा विद्याधर राहत त्या मुलुंडच्या बिल्डिंगमागच्या चाळीतली, उत्तराची शाळेपासूनची मैत्रीण. तिचा नवरा सहदेव गिरणीत होता. संप झाला, गिरणी बसली, पुढारी पुन्हा निवडून आले आणि सहदेव भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. त्याला अंथरुणातून उठवलं ते केंडांनी. केंड म्हणजे डिवचला की पोट फुगवून चेंडू होणारा बोटाएवढा मासा. सहदेवकडे दोन जातींचे होते. एक खाडीचा, त्याला पाण्यात मीठ लागतं. दुसरा निव्वळ गोड्या पाण्यातला, त्याला तेच मीठ मारक. दुकानदार दोघांना 'पफर' या एकाच नावाने खपवतो, कारण त्याला मासा विकायचा असतो, जगवायचा नसतो. गावी निघताना सुगंधाने दोन्ही टाक्या उत्तराकडे आणून ठेवल्या आणि बजावलं होतं: डावीकडच्या टाकीतलं तांब्याभर पाणी रोज काढायचं आणि मिठाचं घालायचं. उजवीकडे साधं.

"काय?… अंडी? कुणाची?… उजवीकडच्यांनी घातली? कधी?… निघायच्या दिवशी, आणि मला आत्ता सांगतेस? नजर लागते म्हणे. माझी नजर लागते का गं तुला?… दगडावर, हो. एक आहे खरा दगडाला चिकटून बसलेला. खात नाही, हलत नाही. मला वाटलं आजारी आहे, म्हणून मी मीठ जरा सढळ हाताने… तो बाप आहे? अंडी राखतोय?… मीठ कशाला म्हणजे? तूच सांगितलंस ना. तो डावीकडेच आहे… हो, डावीकडे… अगं ऐक ना, ओरडू नकोस. डावं-उजवं कळतं मला, बँकेत नोकरी करते मी… हलवल्या का? नाही, कशाला हलवू… थांब. हलवल्या. मखराला खिडकीजवळचा कोपरा लागला ना, म्हणून विद्याधरने आणि दिराने उचलून स्वयंपाकघरात नेल्या… एकेक करून. आता आधी कुठली नेली, मी काय पाहत बसले होते?"

तिने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

"बघते, आत्ता बघते. पण ओळखू कशी? दोन्ही हिरवट, दोन्ही ढेरपोटे, दोघांचे डोळे बटाट्यासारखे… अंगभर सुटे सुटे काळे ठिपके आणि पोट पांढरं, तो खाडीचा. बरं… आणि गोड्या पाण्यातल्याच्या अंगावर जाळी? कुशीवर एकच मोठा काळा ठिपका, डोळ्यासारखा, आणि भोवती फिकट कडं… समजलं. फोन ठेवू नकोस. मी आलेच."

स्वयंपाकघरात मोदकांच्या वाफेने काचा धुरकटल्या होत्या. उत्तराने पदराने डावी काच पुसली. दगडावरच्या माशाच्या कुशीवर एक काळा डोळा होता आणि त्याला कडं होतं. मग तिने उजवी काच पुसली. तिथले ठिपकेवाले केंड फिके पडून तळाशी टेकले होते. ती पुन्हा डावीकडे वळली आणि दगडाशी वाकली. माशाच्या पोटाखाली अंड्यांचा थर होता, दह्यासारखा पांढरा.

इतके दिवस ती रोज सकाळ-संध्याकाळ या काचेसमोर उभी राहायची. टाकीची बाजू बघायची, मासा बघायची नाही.

"सुगंधा?… आहेस?… अहो ऑपरेटर, तोडू नका हो, ते वेळ वाढवतायत… सुगंधा, डोळा डावीकडे आहे… हो, कडं आहे… टाक्या हलवल्यापासून रोज… अंडी पांढरी झालीत गं. सगळीच. एकही नितळ नाही… काय म्हणालीस?… काय सांगू त्यांना?… पिल्लं सुटली म्हणून? अगं, डोकं फिरलं का तुझं? परत आल्यावर आंधळे होणार आहेत का ते?… सणात नको, मान्य. पण तोवर ते पिल्लांच्या नावाने… अंड्यांचं कुणाला सांगितलंय त्यांनी?… धोंडूकाकांना. म्हणजे अख्ख्या वाडीला… नको, नको, त्यांच्या हातात देऊ नकोस, आधी आपण… हॅलो… भावोजी."

सहदेव हसत होता. संपानंतर उत्तराने त्याचं हसणं ऐकलं नव्हतं. तो विचारत होता, राखण नीट करतोय ना पठ्ठ्या. 'हो' म्हटलं असतं तर भागलं असतं. तसं ते खोटंही नव्हतं.

"हो, बसलाय… भावोजी, ऐका. अंडी गेली… गेली म्हणजे मेली. पांढरी पडली. मखरासाठी टाक्या हलवल्या, त्यात डावी-उजवी झाली, आणि मी गोड्या पाण्यातल्यांना मीठ घालत राहिले. मी मारली. सुगंधाचा काही दोष नाही… भावोजी?… बोला काहीतरी. शिव्या द्या हवं तर."

वायरीतून मागचा सुगंधाचा आवाज आला आणि थांबला.

"…बाप? जिवंत आहे. मादी पण… हो, पंख हलवतोय… बदलते पाणी… एकदम नाही, तांब्या-तांब्याने. रात्रभर साठवलेलं, बिनमिठाचं. ठिपकेवाल्यांना मीठ द्यायचं, पण बेताने. बरं… दगड काढू का बाहेर? कुजेल ना ते सगळं… नको?… तो आपणहून उठेपर्यंत नको. बरं, भावोजी, हात नाही लावत… काय?… आज रात्रीच्या गाडीने? तुम्ही? अहो, गणपती बसलाय तुमच्या घरात, विसर्जन व्हायचंय… सुगंधा काय म्हणते?… मग रडू देऊ नका ना तिला… मी बघते हो त्याच्याकडे, रात्रभर बसते हवं तर… भावोजी, मखरात गणपती टाकून कुणी… हॅलो? हॅलो?… ऑपरेटर?"

लाइन गेली होती. उत्तरा रिसीव्हर छातीशी धरून तशीच उभी राहिली. गणपतीसाठी नोकरीवर लाथ मारून गावी जाणारी कोकणातली माणसं तिने ढिगाने पाहिली होती. एका माशासाठी बसलेला गणपती सोडून उलटा येणारा माणूस तिने ऐकलाही नव्हता.

तिने फोन ठेवला, माठाखालची साठवलेल्या पाण्याची बादली ओढली आणि पहिला तांब्या भरला.