डब्यातला लाडू

आई गेली त्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी मालेगावच्या स्टँडवर वाशिमच्या एसटीची वाट पाहत होतो. शेजारी एक म्हातारं जैन जोडपं भांडत होतं.

"आपल्या नातवाच्या, नमनच्या वाढदिवसाले जादूगारानं रिकाम्या डब्यातून लाडू काढला. ते जादू. बरोबर?" म्हातारीनं विचारलं.

"बरोबर, जतन."

"दिवस बुडाला होता म्हून आपल्यात कोणी खाल्ला नाही. डबा मीच लावून ठेवला. सकाळी लाडू गायब! हे काय मंग?"

"चमत्कार."

"चमत्काराच्या मिशीले तूप लागते काय?"

"जादूच्या लाडवाले कायची रात्र अन् कायचा दिवस?"

"म्हंजे तुमीच खाल्ला!"

"मी कुठी म्हणलं?"

"लग्नापासून एकडाव तरी 'चुकलो' म्हना. त्याले मी चमत्कार म्हनीन. म्हना ना!"

"चुकलो."

"अगं माय! ओ बाई, आयकलं ना तुमी? साक्ष द्याल ना?"

आई इतकी हसत होती की तिला हो म्हणता येईना. तिनं नुसता हात वर केला.

आज त्याच स्टँडवर मी एकटी बसले होते. गाडी लागली, माणसं चढली. मी मोठ्यानं म्हणाले,

"आई, तू हसलीस की मला घरी आल्यासारखं वाटायचं."