गाडी बसवली आन् आमाला उतारलं

…आन् मला सांगा, चांगली उभी गाडी, तिला बसवायची कशापायी? म्हस हाय का ती? तुमाला सांगतो, आमचा नातू वीरधवल, तिशी उलटली तरी लगीन न्हाई, पोरींचं बाप फोन उचलंनात, लय खटपटीनं कवठे महांकाळची एक सोयरीक जुळत आली, तर ह्या गड्यानं काय करावं? पोरगी बघाय जाताना रुबाब पायजे म्हणून साताऱ्याला नेऊन गाडीच्या स्प्रिंगा कापल्या! पार भुईला चिकटवली! सायलेन्सर आन् रस्ता ह्यात चार बोटं, तीबी गाडी रिकामी आसली तर… आमी म्हातारा-म्हातारी बसलो की एकच बोट!

लोणंद सुटलं आन् पयला स्पीडब्रेकर. "आबा, उतरा!" का रं? "सायलेन्सर घासतोय." उतरलो. चढलो. फुडं दुसरा. "आबा, उतरा!" आरं, गुडघं हायत का बिजागऱ्या?

पोरीच्या वस्तीवर तर ज्यानं त्यानं आपापल्या दारात स्पीडब्रेकर घातल्याला! "आबा, उतरा! आन् आता चढूच नगा, मागनं चालत या." झालं! फुडं पांढरी गाडी गोगलगाईगत, तिच्यावर आमच्या म्हातारीनं, चंद्राबाईनं, शुभ म्हणून घातल्याला झेंडूचा हार, मागं मी खड्डं बघत मान खाली घालून, आन् माझ्यामागं ही, धुरळ्यापायी तोंडाला पदर लावून!

बघणाऱ्यानं काय समजावं? एकानं टोपी काढली. एकानं दुकानाचं शटर निम्मं वढलं. चार माणसं मुकाट मागं चालाय लागली, आन् एक म्हातारा खांद्यावर हात ठिवून म्हणतोय, "वय काय हुतं वं?"

मला वाटलं, नवरदेवाचं इचारतोय! म्हटलं, "तेहतीस."

"अरारा… लय लवकर!"

"कुठलं लवकर? उशीरच झालाय की!"

त्यो हात काढून चार पावलं मागं सरला.

पोरीच्या दारात पोचलो तवा मागं निम्मी वस्ती, गपगार! पोरीचा बाप हात जोडून, "आवं, आमच्या दारात कशाला थांबलासा? फुडं न्या की!"

"आवं, आमी पोरगी बघाय आलोय!"

तेवढ्यात तिची आजी उंबऱ्यात. हार बघितला, मागची माणसं बघितली, आन् कडाडली, "मयताच्या पावलानं आल्याली सोयरीक नगं मला! कडी लावा!"

लागली कडी. मी मटकन बांधावर बसलो. आन् आमचा नवरदेव कुठं? जॅक लावून गाडीखाली! उताणा! आतनंच वरडतोय कसा, "आबा, सायलेन्सरला ओरखडाबी न्हाई!"

म्हटलं, बरं झालं बाबा… आता त्यालाच हळद लाव.