चालती देऊन बंद घेतली

बुवा, मृदंग जरा हळू. टाळ खाली ठेवा. घसा थोडा गोष्टीला राहू द्या. पण गोष्टीच्या आधी मंडळी, एक सवाल आहे. एका माणसानं दारातली चालती मोटारसायकल दिली — आणि बदल्यात काय घेतलं? बंद पडलेली! किक मारून पाय मोडेल पण सुरू होणार नाही, अशी. आता सांगा, हा माणूस शहाणा की येडा?

— आलं! पुढच्या रांगेतून आलं, 'येडा'. आणि किती पटकन आलं हो! मघाशी नामस्मरण करा म्हटलं तर सगळ्यांचे घसे बसले होते. शेजारच्याला येडा म्हणायचं तर कसा मोकळा झाला! असू दे. शिक्का तुम्ही मारलाय. कीर्तन संपताना पुसायला मी येणार नाही, तुमचा तुम्ही पुसायचा.

बोरदरा नावाचं गाव. तिथं अनंता कासार राहायचा. आता पोरींनो, तुम्ही दुकानात जाता, डबा उचलता, घरी येता. तुम्हाला कासार काय कळणार? कासार दारात यायचा. ओट्यावर बसायचा. बाईचा हात नुसता दाबून माप ओळखायचा, आणि काचेची बांगडी अशी चढवायचा की मनगटाला कळायचं नाही. हात भरले की बाई वाकून त्याला नमस्कार करायची. परक्या पुरुषानं घरातल्या बाईचा हात धरायचा आणि घरच्यांनी वर त्याला चहा पाजायचा — गावात हा मान दुसऱ्या कुणाला आहे? पाटलाला? छे! एकट्या कासाराला. बायकांच्या हातांवर त्याचं पोट, आणि त्याच्या हातावर बायकांचा विश्वास.

अनंताची मोटारसायकल लाल होती. अर्ध्या किकमध्ये सुरू. मागं बांगड्यांच्या पेट्या बांधल्या की आजूबाजूची सगळी गावं त्याची. म्हणजे ही गाडी शौकाची नव्हे, चुलीची होती. हे ध्यानात ठेवा.

त्याच गावात गोदाक्का. तिचे मालक सदोबा तांबट. तांब्यापितळेची भांडी घेऊन आठवड्याचे बाजार करायचे, तेही फटफटीवर. कंपनीचं नाव मी घेत नाही. कीर्तनात जाहिरात केली तर त्याचे पैसे मला थोडेच मिळणार! सदोबा पुढं, गोदाक्का मागं, तिच्या मांडीवर घागर. त्या काळी लोक नावं ठेवायचे. ही म्हणायची, "ठेवा. नावं ठेवायला काय लागतंय." सदोबा एकटेच बाजाराला गेले, तर संध्याकाळी ही ओढ्यापलीकडून फटफटीचा आवाज ऐकायची आणि चहाचं आधण ठेवायची. सदोबा दारात उतरले की चहा तयार. असा संसार!

मग सदोबा गेले.

पुरुषहो, तुम्ही बाहेर तिरडी बांधत असता आणि म्हणता, आत बायकांचं काय चालतं आम्हाला काय माहीत. माहीत असतं! आतून आवाज येतो. दोघींनी गोदाक्काचे हात धरले, तिसरीनं बांगड्या फोडल्या. एरवी आपण किती जपून बोलतो. बांगडी फुटली असं म्हणत नाही, 'वाढली' म्हणतो. शब्दानंसुद्धा लागू नये म्हणून! आणि त्या दिवशी? त्या दिवशी सरळ म्हणतो, "फोडा."

फटफटी गोठ्यात गेली, गोदाक्का स्वयंपाकघरात. हळदीकुंकवाला बोलावणं बंद. लग्नात पुढं येणं बंद. अनंता कासार मात्र गावात आला की तिच्या ओट्यावर बसायचा. पेटी उघडायची नाही, चहा प्यायचा आणि जायचा. लोक विचारायचे, तिथं तुझा काय धंदा? तो म्हणायचा, "धंदा न्हाई, चहा हाय."

काही वर्षं गेली. आता नेताजी — गोदाक्काचा पुतण्या. कारखान्यावर नोकरी लागली, जायला गाडी पाहिजे. तेवढ्यात हायवेच्या एका हॉटेलवाल्यानं निरोप धाडला : तुमच्या गोठ्यातली फटफटी द्या, हॉटेलच्या भिंतीवर टांगायची आहे. दिव्यात रंगीत बल्ब लावू. लोक खाली बसून मिसळ खातील आणि वर बघून फोटो काढतील.

हसू नका! टांगणं ही आपली जुनी खोड आहे. आजोबांना टांगतो, पुढाऱ्यांना टांगतो, साधुसंतांना टांगतो. एकदा खिळा ठोकला, हार घातला, की त्यांनी सांगितलेलं ऐकायचं काम संपलं! म्हणून मी आपलं एक तोडकंमोडकं पद केलंय. म्हणा माझ्याबरोबर —

*टांगिला भिंतीला, म्हणे देव मुका।*
*उतरवा खाली, मग हाक ऐका॥*

छान. टाळकऱ्यांना आवडलं, बाकीचे विचारात पडलेत. पडू द्या.

हॉटेलवाल्याचा टेंपो दारात आला, त्या दिवशी अनंता नेमका ओट्यावर होता. गोठ्यातला कडबा बाजूला केला, फटफटी ओढून काढली. गोदाक्का दाराच्या आडून बघत होती. हळूच अनंताला म्हणाली, "कान चाललं रं माझं. डाक्तर म्हनला, जे काय ऐकायचं ते लवकर ऐकून घ्या. यांची गाडी एकदा वाजली असती, तर बरं झालं असतं."

नेताजी वाईट पोरगा नव्हे हो. तो म्हणाला, "काकी, बंद गाडी हाय ती. गोठ्यात गंजण्यापरास भिंतीवर शोभंल तरी."

अनंता उठला. आपल्या लाल मोटारसायकलीपाशी गेला. मागच्या पेट्या सोडल्या, एकेक करून ओट्यावर ठेवल्या. आणि किल्ली नेताजीच्या हातात दिली.

"तुला चालती पायजे ना? ही घे. ती मला दे."

"अनंतामामा, ध्यानावर हाईस का? ती चालत न्हाई."

"म्हनूनच मागतोय. चालती असती तर तूच दिली नसतीस."

झाला सौदा! टेंपो रिकामा गेला. चालती गाडी चालून गेली, आणि अनंता बंद गाडी ढकलत भर पेठेतून घरी निघाला. पारावर तर दिवाळीच झाली! एक म्हणे, अनंता, आता बांगड्या ढकलत विकणार काय? दुसरा म्हणे, पुढच्या वेळी बायको देऊन सासू आण! आणि घरी? घरी त्याची बायको मैना उंबऱ्यात उभी. ओरडली नाही. ओरडणारी बायको परवडते मंडळी, अनुभवी माणसं मान हलवतायत बघा! मैना एवढंच म्हणाली, "भावाची सायकल मागून आणा. उद्या येळगावचा बाजार हाय." आणि आत गेली. तेव्हापासून त्या घरात ताट वाढताना भांड्यांचाच तेवढा आवाज.

अनंता दिवसा सायकलवर पेट्या बांधून गावं करायचा. चढाला उतरायचं, ढकलायचं. बांगड्या हिंदकळल्या की काळीज हिंदकळायचं. लांबची गावं सुटली. ती दुसऱ्याच कुणी धरली. संध्याकाळी फटफटी उघडून बसायचा. तालुक्याच्या मिस्त्रीनं जाम झालेलं इंजिन तेल घालघालून मोकळं केलं, नवा प्लग बसवला. गाडी सुरू झाली! घरापासून कोपऱ्यापर्यंत गेली — आणि बंद. परत किक, परत कोपरा, परत बंद. पारावरची मंडळी म्हणाली, ही गाडी नव्हे, ही आमदारकीची उमेदवारी आहे. निघते रोज, पोचत कुठंच नाही! इकडं दसरा जवळ आला, आणि तिकडं गोदाक्काशी बोलायला नेताजीची बायको शिरा ताणून ओरडायला लागली. कान चालले होते.

एके दिवशी मैनेनंच पेट्रोलची टाकी उतरवली आणि परातीत उपडी केली. पेट्रोलच्या मागोमाग काय आलं? तांबडं, गढूळ पाणी. आणि त्या पाण्यात — तुळशीची काडी. दोनचार अक्षता.

टाकीत अक्षता? दोघं तशीच परात घेऊन गोदाक्काकडं. तिनं पाहिलं आणि म्हणाली, "मीच घालतीया की. दर दसऱ्याला. सगळी लोकं हत्यारं पुजत्यात, गाड्या पुजत्यात. हिला एकटीला उपाशी ठेवायचं व्हय? देवाला तीर्थ देतो, तसं हिलाबी पळीभर."

आता हसा! मोकळेपणानं हसा. तीर्थ पिऊन कधी गाडी चालती का? पण हसून झालं की जरा स्वतःकडंही बघा. माऊलीनं तिला जे होतं ते दिलं. चालवणं तिच्या हाती कुणी ठेवलंच नव्हतं, पुजणं तेवढं ठेवलं होतं. जिला चालवायचं तिला नुसतं पुजलं की आतून गंज धरतो, मंडळी! गाडीला धरतो, धर्माला धरतो, आणि बाईलाही धरतो. घरची लक्ष्मी, घरची लक्ष्मी म्हणून पळीपळीनं तीर्थ ओततो आपण —

*टांगिला भिंतीला, म्हणे देव मुका।*

— म्हणा! आता का आवाज गेला?

टाकीतला गंज निघता निघेना. मिस्त्री म्हणाला, आत काहीतरी टोकदार घालून हलवत बसा. मैना उठली. कासाराच्या घरात काय नसेल, वाढलेल्या बांगड्यांचे तुकडे असतात, पोतंभर. तिनं मूठमूठ काच टाकीत घातली. एका बाजूनं तिनं धरलं, दुसऱ्या बाजूनं त्यानं, आणि लागले हलवायला, दळण दळावं तसं. हात भरून आले की थांबायचं, पाणी काढायचं, परत काच. हलवता हलवता मैना म्हणाली, "आक्काच्या फोडल्या त्याबी ह्यातच असतील." इतक्या दिवसांचा अबोला असा सुटला. शेवटी टाकीतून निघालेलं पाणी निवळ आलं.

दसरा. गावाच्या गाड्यांना झेंडूचे हार. पारासमोर सगळं गाव जमलेलं, सोनं देणं-घेणं चाललेलं. अनंता फटफटी घेऊन गेला तो थेट गोदाक्काच्या दारात. मागं पेटी, पेटीमागं मैना, आणि मजा बघायला पाठोपाठ निम्मं गाव. नेताजी सांगू लागला, काकीला आता ऐकू येत नाही, आत स्वयंपाकघरात आहे, बोलावून आणतो.

"ऱ्हाऊ दे," अनंता म्हणाला, आणि किकवर उभा राहिला.

बुवा! आता मृदंग. वाजवा ती गाडी. आधी अडखळत — अशी! आता धरू द्या — धग्, धग्, धग् धग् धग्... वाहवा! तुमच्या मृदंगाला लायसन लागेल आता!

भिंती थरथरल्या. पाखरं उडाली. अनंता गाडी चालू ठेवून दाराकडं बघत राहिला. कुणी येईना. गाव कुजबुजलं, उशीर झाला. बिचाऱ्यानं चालती घालवली आणि हिच्या कानापर्यंत काही पोचलं नाही.

मग गोदाक्का दारात आली. हाताला राख होती. आणि म्हणाली, "जरा उशीर झाला यायला. आधण ठेवत होते."

...थांबा. मलाही जरा पाणी द्या.

ती ओट्यावर बसली. सगळ्या गावासमोर दोन्ही हात पुढं केले. मोकळे हात. "अनंता, भर."

आता गाडीचाच काय तो आवाज. गर्दीतून एक थोराघरची बाई पुढं आली. नाव सांगत नाही, तुमच्यातली निम्मी तिचीच सोयरी निघतील. ती म्हणाली, "अनंता, विधवेच्या हातात चुडा भरलास, तर परत आमच्या दारात पेटी उघडायची न्हाई. त्या हातानं आमच्या लेकीसुनांचा हात धरायचा न्हाई." आणि मागच्या चारदोन घरांनी माना हलवल्या.

मंडळी, गाडी दिली होती तेव्हा पोटाचं वाहन गेलं होतं. आता पोटच चाललं होतं. अनंताचा हात पेटीच्या कडीवर थांबला. माणूस होता तो, देव नव्हे. त्याला भीती वाटली. आणि पेटी कुणी उघडली? मैनेनं. तिनं हिरव्या बांगड्या काढल्या आणि त्याच्या हातात दिल्या. "दार बंद झालं तर सायकल हायच की," ती म्हणाली.

गोदाक्का म्हणाली, "यांच्या नावानं नको भरूस. ते गेलं. माझ्या नावानं भर."

त्यानं हात दाबून माप घेतलं. भरल्या. एकही वाढली नाही. मग गोदाक्का वाकली आणि कासाराला नमस्कार केला. वयानं थोरली बाई, पण अनंतानं पाय मागं घेतले नाहीत. तो नमस्कार तिचा हक्क होता, लोकांनी काढून घेतलेला. मग चहा झाला. चहा पिऊन ती फटफटीवर मागं बसली, मांडीवर रिकामी घागर घेतली आणि म्हणाली, ओढ्यापर्यंत ने.

पुढं काय? सगळं गोड झालं, असं सांगू? नाही झालं. काही दारं अनंताला बंद झाली, ती अजून बंद आहेत. तो त्या दारांवरून फटफटी घेऊन जातो, आणि मुद्दाम हळू जातो. आत ऐकू जावं म्हणून!

तर बोला, येडा कोण? पुढच्या रांगेनं आता खाली बघू नये. चालती गाडी देऊन बंद घेतली, तो येडा? की चालतीबोलती बाई बंद करून कोपऱ्यात ठेवतात, ते शहाणे?

झालं. आता आरती. आणि आरतीचं ताट. कमिटीनं मघाशी मला सांगितलंय, पहिलं ताट सुवासिनीच्या हाती द्यायचं, चाल आहे. मी मंडपात येताना बघितलंय, मागं त्या शेवटच्या खांबाआड तीनचार माऊल्या बसल्यात. रोज बसतात. त्यांनीच हा मंडप झाडला, त्यांनीच या वाती वळल्या. ताट त्यांच्या हाती जाईल. अध्यक्ष माझ्याकडं बघतायत. बघा, मनसोक्त बघा, आणि पुढच्या वर्षी दुसरा कीर्तनकार आणा! पण आज या गादीवर मी उभा आहे, आणि ताट त्यांच्या हाती जाईपर्यंत मी आरतीचा शब्द उच्चारणार नाही. दिवा विझला तर विझू दे. परत लावू.

माई, उठा. निळ्या लुगड्यातल्या, हो, तुम्हीच. या पुढं. मंडळी, वाट द्या.

बुवा, वाजवा ती गाडी.