जानरावचा आवाज

बस, बस — बोलू नोको एवढ्यात. तुह्या आवाजाची पारख करायलेच तुले हिवरखेडाहून बोलावलं, पन आधी काम समजून घे. आन हसू नोको. हसला नाई? मंग ठीक आहे. पयल्यांदा माहा आवाज ऐकला का मानूस एक तर हसते, नाई तर मागं वळून पाह्यते का कोन बाई बोलून राह्यली. तू मागं वळून पाह्यलं, मी पाह्यलं तुले. मागं कोनी नाई. मीच आहो. जानराव अडत्या, अमरावतीचा, ह्या कापसाच्या फडाचा मालक.

हा देह पाह्य. खाटेवरून उठवायले दोन मानसं लागतात मले. मोठ्या ढोलाचा आवाज जाड, टिमकीचा बारीक, हे कोनालेबी ठावं आहे — मंग माह्याच बाबतीत देवानं काहून उलटं केलं? माहा बाप म्हने, मिशा फुटल्या का आवाज फुटन. मिशा फुटल्या. आवाज काई फुटला नाई. अजूनबी दाराआडून मी "कोन आहे" म्हटलं का बाहेरचा मानूस म्हनते, बाई, मालक घरी असतीन तर सांगा. काय करू? म्हनतो, मालक जेवून राह्यले.

पयले बरं होतं. दुपट्ट्याखाली हात घालायचा, बोटं दाबायची, भाव ठरला — तोंड उघडायचं कामच नाई. माह्या ह्या पंजात घेनाऱ्याची बोटं गेली का तो हो म्हनूनच बाहेर काढे. पन तिकडं सातासमुद्रापार लढाई लागली, आपल्या कापसाले सोन्याचे दिवस आले, मुंबईचे शेटजी येऊन बसले, आन ते म्हनतात दुपट्टा नोको, उघडा हर्रास करा, सगळ्या गाड्यायले ऐकू जाईन असा भाव बोला. पयल्या दिवशी मी सोता बोललो. मंग काय झालं? ते सांगत नाई तुले.

मंग पुंजाराम भेटला. माह्या मांडीएवढा मानूस — बराबर तुह्याच मापाचा, म्हून तर तुले पाहूनच मले हायसं वाटलं — आन बोलला का खालच्या सतरंजीतून आंगाले जानवे. त्याले मी माह्या पाठीमागं बसवला. लोडासारखा दडून जाये. तो बोले, मी मिशी हलवो. बस. अकोटपावतर लोकं म्हनत, आवाज असावा तर जानरावचा, जसा देह तसा आवाज. दोन वर्स कोनाले पत्ता लागला नाई. पार्वताबाईले तेवढं ठावं होतं — माही बायको. ती म्हने, त्या मानसाले बाजूले बसवा, इज्जतीनं. मी म्हटलं, त्याले बाजूले बसवला तर माही इज्जत कुठं बसन?

तो काहून गेला? गेला. मानसं जातात. ते पाह्य, समोरचं दुकान त्याचंच — दाराले कुबडी टेकवली आहे ते. लोकं म्हनतात, जानरावचा आवाज समोर जाऊन बसला. अकोटच्या गाड्या तिकडं, तुह्या हिवरखेडच्याबी तिकडं. उद्या दर्यापूरच्या येतीन, त्याबी तिकडं गेल्या तर मले कडीच लावा लागन फडाले. म्हून तू पायजे. बजारात कोनी सांगे, तू पाखरं हाकलतो तर दोन शेतं पलीकडची उडून जातात.

कुबडी? पाय मोडला त्याचा. माह्याच फडात मोडला, लपवत नाई. हर्रास झाला होता, चार शेटजी माह्यापुढं बसले होते, पुंजाराम मागच्या मागं कापसाच्या दाबलेल्या गाठीयच्या थप्पीखालच्या माठातलं पानी प्यायले गेला — आन वरच्या गाठीचा दोर सुटला. हळूहळू सुटला. गाठ पयले जराशी डोलते, मंग थांबते, मंग सरकते. तेवढ्यात मानूस "पुंजा, सरक" दोनदा म्हनू शकते. मी तोंड उघडलं होतं. देवाशपथ, उघडलं होतं. पन शेटजी माह्याच तोंडाकडं पाहून राह्यले होते — आन मले वाटलं, थांबन गाठ. एखादी थांबते. कापूसच तर आहे, लोखंड थोडंच आहे? आता दाबलेला कापूस दगडावानी असते, हे अडत्याले ठावं नसन तर कोनाले असन. पडली. त्यानं खालून आवाज दिला — "मालक" — आन शेटजी चमकले, कारन आवाज तिकडून आला आन माही मिशी जागीच होती. म्हंजे मी गप राह्यलो तेबी फुकटच गेलं.

मी तूप-गूळ पाठवलं त्याच्या घरी. त्यानं ठेवून घेतलं. बोलला काईच नाई, एवढा आवाज असून. मले वाटे, एकदा येऊन शिव्या देईन, मंग मी मोकळा होईन. आलाच नाई.

जाऊ दे. आता तू बोल. मी काई आडवत नाई. दार उघडंच राहू दे, समोर त्याले ऐकू गेलं पायजे का जानरावनं दुसरा आवाज आनला. काईबी बोल, तुह्या मनचं बोल.

…

पुन्हा म्हनू नोको. ऐकलं मी. सगळ्या बजारानं ऐकलं. "ओरडले काहून नाई" — एवढंच सुचलं तुले विचारायले?

आवाज चांगला आहे तुहा. पुंजारामापेक्षाबी चांगला आहे. मले नाई पायजे. जाय, गाडी भेटन तुले चावडीपाशी. थांब — त्यानं कुबडी उचलली. इकडंच येऊन राह्यला तो. दार ओढून घे जाता जाता. ओढ लवकर.

कोन आहे?

मालक घरी नाईत.