भोंग्याला ओ कोण देणार?

अंबरनाथला रिक्षाच्या रांगेत शशिकांतरावांचं डोकं पुस्तकात होतं, पण कान मागच्या बापलेकीकडे. लेक आज कारखान्यातलं मोठं गॅस इंजिन पहिल्यांदा एकटी चालू करणार होती. बापाचा जन्म त्याच कामात गेलेला.

"सांग पाहू, स्वप्नाली."

"आधी तेल फिरवायचं. मग गॅस बंद ठेवून इंजिन नुसतं फिरवायचं, म्हणजे आत साठलेला गॅस बाहेर जातो."

"चूक! फिरवायच्या आधी एकेकाला नावानं हाक मारायची."

"पप्पा, आता भोंगा वाजतो."

"भोंग्याला ओ कोण देणार? इंजिनामागे कोणी वाकलेला असला तर?"

"बरं, मारीन हाक. ओ नाही आली तर?"

"तर चालू नाही करायचं. साहेब बोंबलला तरी."

"आणि मीच घाबरले तर?"

"मला फोन कर."

"त्या आवाजात काय ऐकू येणार?"

"आधी कर की, येडे! तेव्हा सगळं शांत असतं."

रिक्षा आली. जागा एकच, आणि नंबर शशिकांतरावांचा.

"तुम्ही... बसा," ते स्वप्नालीला म्हणाले.

"काका, तुम्हाला उशीर होईल ना?"

"छे, मला कुठे इंजिन चालू करायचंय!" ते बोलून गेले, आणि त्यांनी चटकन पुस्तक तोंडासमोर धरलं.