वरातीत फुगलेला गाल

डॉ. आम्रपाली : महिपतकाका, खरं सांगा. गाल एवढा कशानं फुगला?

महिपत : सर्दी झालीय.

डॉ. आम्रपाली : सर्दीनं एकच गाल फुगतो?

महिपत : त्या बाजूलाच वारा लागला.

राहीबाई : वारा लागला नाय, ह्यांनीच भरला! डॉक्टरीणबाई, पोलादपूरच्या वरातीत सनई फुंकली ह्यांनी.

महिपत : नाय गो! नुसती व्हटाला लावली.

राहीबाई : नुसती? घोडा बिचकला! नवरा उतरून पायी गेला मांडवात.

डॉ. आम्रपाली : काका, जबड्यातली गाठ काढून तिथं तुमच्याच कमरेचं हाड बसवलं. फुंकायचं नाही, असं बजावलं होतं ना?

महिपत : बजावलंत. पन हाड कमरंचं. तेला सनईतलं काय कळतंय, म्हटलं!

डॉ. आम्रपाली : आ करा. टाके उसवलेत. आत पू झालाय. ताप?

महिपत : नाय.

राहीबाई : हाय! पाठीवर पापड भाजंल.

डॉ. आम्रपाली : बसवलेल्या हाडाला अजून नीट रक्त मिळत नाही. तोंडातले जंतू आत शिरले, की ते कुजतं. मग काढावं लागतं.

महिपत : काढून परत कमरंत?

डॉ. आम्रपाली : कचऱ्यात.

राहीबाई : गेलात कशाला वो मरायला?

महिपत : मोरूच्या पोरीचं लगीन गो. जलमभर माझ्या सनईमागं ढोल वाजवला तेनं. तेच्या दारात वरात आली नि मी काय लाडू खात बसू?

राहीबाई : लाडूपन खाल्लात?

महिपत : मऊ व्हता.

(डॉक्टर भूल देऊन जखम धुतात. महिपत राहीबाईचा हात सोडत नाही.)

डॉ. आम्रपाली : झालं. हाड हललेलं नाही. वाचेल असं वाटतंय. गोळ्या चुकवायच्या नाहीत, परवा परत दाखवायचं. आणि सनई मी सांगेपर्यंत बंद.

महिपत : मंग... परत वाजवीन ना मी?

डॉ. आम्रपाली : हाड जुळलं की वाजवाल. मध्येच फुंकलीत, तर सांगता येत नाही.

राहीबाई : घरी गेल्यागेल्या माझ्या ट्रंकेत घालते ती. वर कुलूप.

महिपत : ट्रंकेत ओल धरंल गो.

राहीबाई : नाय धरायची. माझ्या लग्नातल्या लुगड्यात गुंडाळते.